लाल होईपर्यंत

नदीपलीकडच्या दवाखान्यातल्या सिस्टरचा फोन आला, तो सूनबाईनं उचलला. एरवी ही सिस्टर आधी घरातल्या एकेकाची चौकशी करायची, मग कामाचं बोलायची. आज तिनं चौकशी केलीच नाही.

"तुमच्या पट्टीवर एकच रेघ आली म्हणून आम्ही एका मुलीला घरी पाठवलं," ती म्हणाली. "काल बापानं तिला खांद्यावर टाकून परत आणली. शुद्धीवर नाही. मोठ्या दवाखान्यात रक्त तपासलं, तर साथीचाच ताप निघाला. मग मी तिच्या रक्तावर तुमची पट्टी पुन्हा लावली. खिडकीपाशी नेली, डोळे बारीक करून बघितली. दुसरी रेघ आहे म्हणावी तर आहे, नाही म्हणावी तर नाही. काय आहे हे? सांगा ना मला."

"मी बघते, सिस्टर," एवढंच सूनबाईला म्हणता आलं.

घराच्या मागच्या अंगाला तीन खोल्या होत्या आणि त्या तीन खोल्यांत या कुटुंबाचा कारखाना होता. बोटभर लांबीची पट्टी. टोकाला रक्ताचा थेंब टाकायचा. एक रेघ उमटली तर माणसानं घरी जावं, दोन उमटल्या तर ताबडतोब औषध सुरू करावं. त्या रेघेचा लाल रंग म्हणजे शाई नव्हे, ते सोनं असायचं. सोन्याचे कण इतके बारीक करायचे की ते पाण्यात तरंगत राहतात, आणि मग ते पिवळे दिसतच नाहीत, डाळिंबाच्या रसासारखे लाल दिसतात. कण एका मापाचे निघाले तर रंग लाल आणि रेघ ठळक. लहानमोठे, वेडेवाकडे निघाले की रंग जांभळट होतो आणि रेघ मरते. हे सोनं सासरे शिजवायचे. त्यांनीच हा कारखाना शून्यातून उभा केला होता. दवाखान्यांतली माणसं त्यांना 'सोनारकाका' म्हणत. जन्मात एक अंगठी न घडवलेल्या माणसाला हे नाव भलतंच आवडायचं.

सूनबाई स्वतः रसायनशास्त्र शिकलेली. शिजलेलं सोनं यंत्रात घालून मोजायचं काम तिचं. यंत्र त्या पाण्यातून प्रकाश सोडायचं आणि कुठला रंग किती गिळला जातो ते कागदावर डोंगरासारख्या रेषेनं काढून द्यायचं. डोंगराचा शेंडा पाचशे वीसच्या आकड्याजवळ आला की सोनं पास, नाहीतर परत आचेवर. पण मध्यंतरी यंत्राचा दिवा गेला. नवा दिवा यायला उशीर झाला, साथ मात्र कुणासाठी थांबत नव्हती. सासरे म्हणाले, "यंत्र नव्हतं तेव्हा काय आम्ही हात बांधून बसलो होतो? माझे डोळे आहेत की." तेव्हा तो माल डोळ्यांवर गेला. पाठवण्याआधी पट्टी एका नमुन्यावर तपासली होती, पण तो नमुना तापाच्या जंतूंनी गच्च भरलेल्या रक्ताचा होता. त्यावर मेलेली पट्टीसुद्धा रेघ दाखवते.

आणि खरं सांगायचं तर त्या मालाचा रंग सूनबाईला तेव्हाच थोडा काळपट वाटला होता. बाबांनी पाहिलंय म्हणजे झालं, असं म्हणून तिनं कानाडोळा केला होता. आता ती आठवण तिला आत कुठेतरी टोचत होती.

नवा दिवा कालच आला होता आणि आज सकाळीच तिनं तो बसवला होता. फोन ठेवल्याठेवल्या ती पहिल्या खोलीत गेली. गेल्या खेपेच्या सोन्याची उरलेली बाटली कपाटातून काढली, थेंबभर यंत्रात घातली. कागदावर डोंगर उमटला, पण तो डोंगर कसला, बसलेलं मडकं होतं. शेंडा पाचशे वीस सोडून पाचशे चाळीसच्या पुढे घसरलेला. मग तिनं नव्या मालाचं सोनं घातलं, ज्याच्या पट्ट्या शेजारच्या खोलीत खोक्यांत भरल्या जात होत्या आणि चार वाजता गाडीनं जाणार होत्या. तेही तसंच. किंबहुना जरा जास्तच वाईट.



सासरे बाहेर ओट्यावर चहा पीत होते. ती कागद घेऊन गेली. "बाबा, गाडी थांबवायला हवी."

"का? चाक पंक्चर झालं?"

तिनं सिस्टरचा फोन सांगितला, मुलीचं सांगितलं, कागद दाखवला. सासऱ्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आणि परत दिला. मुलीचं ऐकताना त्यांचा चेहरा उतरला होता, पण कागद बघून तो पुन्हा ताठ झाला.

"दिवा नवा आहे तुझा. नवा दिवा दोन दिवस तापवावा लागतो, मग खरं बोलतो."

"जुन्या चांगल्या मालाची बाटली पण घालून बघितली. तिचा शेंडा बरोब्बर जागेवर आहे."

"मग बाटलीत ठेवून ठेवून बिघडलं असेल सोनं. गार झालं, धूळ पडली, काहीही होतं." त्यांनी कप खाली ठेवला. आवाज चढला नव्हता, आणि त्याचीच घरात सगळ्यांना जास्त भीती वाटायची. "सूनबाई, ती पोर आजारी आहे याचं मला वाईट वाटतंय. पण त्या सिस्टरनं पट्टी कुठे ठेवली होती, उन्हात ठेवली होती का, हे तू विचारलंस? नाही. सरळ माझ्या सोन्यावर आलीस."

"मग आत्ता शिजवून बघू," ती म्हणाली. हे शब्द तोंडातून कसे निघाले ते तिलाच कळलं नाही. "एकाच बाटलीतलं पाणी, एकच क्षार. एक चंबू तुम्ही करा, एक मी करते. चारला अजून वेळ आहे."

सासरे उठले. "चल," म्हणाले. "होऊन जाऊ दे."

खोलीत दोन हॉटप्लेट शेजारी शेजारी होत्या. चंबू आधीच कडक आम्लानं धुऊन, खळखळून पालथे घातलेले होते, कारण काचेला आधीचा एक कण जरी चिकटून राहिला तरी नवं सोनं त्याच्या नादी लागतं. दोन्ही चंबूंत सोन्याच्या क्षाराचं फिकट पिवळं पाणी पडलं. ढवळण्यासाठी टाकलेल्या चुंबकाच्या पांढऱ्या गोळ्या तळाशी गरगरू लागल्या. पाणी उकळायला लागलं. 

"टाक," सासरे म्हणाले.

दोघांनी क्षारातून सोन्याचे कण पाडणारं सायट्रेटचं पाणी एकाच वेळी ओतलं. सासऱ्यांचा हात बघण्यासारखा होता. एका दमात, एक थेंब काठाला न लागता, सगळं आत. सूनबाईला कितीही वर्षं केलं तरी ते जमलं नसतं आणि तसं तिनं पूर्वी मोकळ्या मनानं कबूलही केलं होतं. पिवळेपणा गेला. दोन्ही चंबू क्षणभर साध्या पाण्यासारखे झाले. मग तळातून सावली चढावी तसा करडा रंग आला, तो काळानिळा झाला, आणि त्यातून हळूहळू जांभळा उजळायला लागला.

इथून पुढे डोळ्यांत तेल घालून बघायचं असतं. जांभळ्यातून लाल निघतो आणि तो पक्का होईपर्यंत चंबू आचेवर ठेवायचा असतो. आधी उतरवला तर कण अर्धवट राहतात.

सासऱ्यांनी चिमटा उचलला.

 चंबू जांभळा होता. पिकल्या जांभळाइतका जांभळा. सासऱ्यांनी तो चिमट्यात धरला, खिडकीच्या उजेडात एकदा फिरवून पाहिला, समाधानानं मान हलवली आणि आचेवरून उतरवून लाकडी ठोकळ्यावर ठेवला.

"हे बघ," ते म्हणाले. "लाल."

तिला ओरडावंसं वाटलं, पण तिनं ओठ दाबून धरले आणि आपल्या चंबूकडे बघत उभी राहिली. तो जांभळा होता, मग तांबूस झाला, मग लाल. ती तरीही थांबली. पक्का झाल्यावर तिनं तो उतरवला आणि त्यांच्या चंबूशेजारी ठेवला. मागे पांढरा कागद उभा केला.

"आता सांगा बाबा. काय फरक दिसतो?"

सासरे वाकले. आधी या चंबूत पाहिलं, मग त्या. "फरक कसला? दोन्ही एकच. तू उगीच जास्त शिजवलंस, एवढंच."

तेव्हा तिला कळलं. सोनं काय, दिवा काय, सिस्टरचं ऊन काय, यातलं काहीच नव्हतं. बाबांना जांभळा दिसतच नव्हता. मोतीबिंदू धरत आलेल्या त्यांच्या डोळ्यांत जांभळ्यातला निळा कुठेतरी गळून जात होता आणि उरलेला लाल तेवढा पोचत होता. म्हणून ते दर वेळी चंबू लवकर उतरवत होते, आणि उतरवलेलं सोनं त्यांना दर वेळी झकास दिसत होतं. चूक करणारेही तेच डोळे आणि तपासणारेही तेच. तिला त्यांची भयंकर कीव आली आणि त्याच क्षणी त्या बेशुद्ध मुलीची आठवण झाली.

पॅकिंगच्या खोलीतून नवरा आला. "गाडी आलीय. खोकी चढवायला घेऊ ना?"

नवरा तसा वाघ, पण फक्त पॅकिंगच्या खोलीपुरता. वडिलांसमोर त्याचा आवाज कायम अर्धा व्हायचा.

"थांब," सासरे म्हणाले. "हे दोन चंबू बघ. तुझी बायको म्हणते माझं सोनं बिघडलंय. बघ आणि सांग."

नवऱ्यानं पाहिलं. त्याला दिसलं, हे सूनबाईला त्याच्या मानेवरून कळलं. एक शीर ताठ झाली. तो वडिलांकडे बघत होता, चंबूकडे नव्हे. बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

"दोन्ही..." नवरा म्हणाला, "तसे लालच आहेत."

सूनबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लग्नात या माणसानं आपला हात धरला होता तेव्हाही तो असाच थरथरत होता, आणि तेव्हा तिला ते फार गोड वाटलं होतं!

"नाहीत," ती म्हणाली. "हा लाल आहे. तुमचा जांभळा आहे, बाबा. अगदी जांभळा. लहान पोरालाही दिसेल."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"नाही. तुम्ही खोटं बोलत नाही आहात. तुम्हाला दिसत नाहीये."

 नवऱ्यानं मान खाली घातली. सासऱ्यांच्या कपाळावरची आठी वर गेली, खाली आली, आणि सूनबाईला वाटलं, आता आपलं या घरातलं बोलणं संपलं. पण जीभ उचलली होती, ती आता मागे घेता येणार नव्हती.

दारात सासूबाई उभ्या होत्या. चहाचा कप न्यायला आल्या होत्या, आणि कधीपासून उभ्या होत्या कुणास ठाऊक. अंगावर नेहमीची शाल. सासऱ्यांनी स्वतः दुकानात जाऊन, कुणालाही न विचारता, त्यांच्यासाठी आणलेली.

"तू सांग," सासरे बायकोला म्हणाले. "तू माझ्याशी कधी खोटं बोलली नाहीस."

सासूबाईंनी कप टेबलावर ठेवला. अंगावरची शाल काढली आणि तशीच सासऱ्यांपुढे धरली.

"ही कुठल्या रंगाची आहे?"

"आता हे काय मधेच? लाल. मीच आणली ना, लाल आणली."

"जांभळी आहे हो," सासूबाई म्हणाल्या. "आणलीत त्या दिवसापासून जांभळी आहे."

सासरे हसायला गेले, पण हसू अर्ध्यावर राहिलं. त्यांनी शाल ओढून घेतली. खिडकीपाशी नेली. मग इकडेतिकडे बघितलं आणि भिंतीवर टांगलेल्या आग विझवायच्या बादलीपाशी गेले. ती बादली त्यांनीच रंगवली होती, लाल, आणि ती लाल आहे हे त्यांना डोळे मिटूनही ठाऊक होतं. शालीचा पदर त्यांनी बादलीला लावून धरला. एक डोळा मिटून पाहिलं. मग दुसरा मिटून पाहिलं.



"कधीपासून माहीत आहे तुला?" त्यांनी न वळता विचारलं.

"मोजे विजोड घालायला लागलात तेव्हापासून. मग मीच जोड्या लावून ठेवायला लागले."  "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही खचला असतात. मला वाटलं, शालीचं काय आणि मोज्यांचं काय, कुणाचं काही बिघडत नाही. कामाला यंत्र आहे ना. यंत्र बघतंय, मग कशाला सांगायचं?"

यंत्र बंद होतं हे सासूबाईंना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटत होतं यंत्र आहे, आणि बाकी सगळ्यांना वाटत होतं बाबांचे डोळे आहेत. एकमेकांच्या भरवशावर सगळे निवांत होते, आणि त्या मधल्या फटीतून एक मुलगी खाली पडली होती. सूनबाईला रडू फुटलं. सासूबाईंना दोष द्यावा तर तिनं स्वतः तरी काय वेगळं केलं होतं?

हॉर्न पुन्हा वाजला. या वेळी लांबलचक.

सासरे वळले. शाल त्यांनी बायकोच्या खांद्यावर घातली, नीट, दोन्ही टोकं सारखी करून. मग बाहेर गेले. ड्रायव्हरला काय सांगितलं ते आत ऐकू आलं नाही, पण चढवलेली दोन खोकी परत उतरताना दिसली. मुलगा मदतीला धावला, तर त्याला ते म्हणाले, "सगळा माल फोडून टाक. एक पट्टी बाहेर जायला नको." मग जरा थांबून म्हणाले, "आणि पुन्हा मला बरं वाटावं म्हणून काही बोलू नकोस." मुलगा लालबुंद झाला आणि खोक्यांत डोकं घालून बसला.

फोन त्यांनी स्वतः लावले. गेल्या खेपेचा माल गेलेल्या प्रत्येक दवाखान्याला. सूनबाई नंबर फिरवून देत होती, कारण आकडे बघतानाही ते डोळे बारीक करत आहेत हे आज तिला पहिल्यांदाच जाणवलं. प्रत्येक फोनवर तेच वाक्य. "पट्टी चुकीची आहे. एक रेघ आली म्हणून ज्यांना ज्यांना घरी पाठवलंत, त्यांना आजच्या आज परत बोलवा. नाही, दिव्याची नाही, उन्हाची नाही. चूक माझी आहे." कुठे आरडाओरडा झाला, तो त्यांनी रिसीव्हर कानाला लावून शेवटपर्यंत ऐकून घेतला. नदीपलीकडच्या सिस्टरशी बोलताना मात्र त्यांचा आवाज गेला. "पोर कशी आहे?" एवढं विचारून त्यांनी रिसीव्हर सूनबाईकडे दिला.

अजून शुद्धीवर नव्हती. काही कळलं की कळवते, असं सिस्टर म्हणाली.

"नव्या पट्ट्या परवापर्यंत गेल्या पाहिजेत," सगळे फोन संपून दिवेलागण झाली तेव्हा सासरे म्हणाले. "तापानं मरणाऱ्यांना माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनपर्यंत थांबायला सांगू का? चंबू धू."

"मी करते बाबा. तुम्ही बसा."

"ओतायला तुला जमत नाही. ओतणार मी. बघणार तू."

तिनं चंबू धुतला, आम्ल, पाणी, पुन्हा पाणी. पिवळा क्षार उकळायला लागला. सासऱ्यांनी सायट्रेट ओतलं, एका दमात, आणि चिमटा हातात घेऊन उभे राहिले. सूनबाई चंबूशी वाकली.

"बोलत राहा," ते म्हणाले. "काय दिसतं ते सगळं बोल."

"पिवळा गेला. पाणी झालं. आता करडा येतोय... काळा... काळानिळा."

ते ऐकत होते. मान जरा तिरकी करून.

"निळा कमी होतोय. जांभळा आला."

पुढच्या खोलीत फोन वाजला. दोघंही दचकले. सूनबाईचे डोळे दाराकडे वळायला गेले, तोच सासरे म्हणाले, "तू हलू नकोस." आत सासूबाईंनी फोन उचलल्याचं कळलं. त्या 'हं' म्हणत होत्या, मग गप्प झाल्या, मग पुन्हा 'हं.' चंबूतली गोळी गरगरत होती.

"जांभळा," सूनबाई म्हणाली.  "अजून जांभळा."

सासूबाई दारात आल्या. शालीचं टोक डोळ्यांना लावलेलं. "सिस्टर होती. पोरीनं पाणी मागितलं म्हणे. बापाला ओळखलं." त्यांनी श्वास घेतला. "बोलावलेले बाकी सगळे आले. दोघांना ताप निघाला, औषध सुरू केलंय. एक म्हातारी राहिलीय फक्त. तिच्या घराला कुलूप आहे, शेजाऱ्यांना माहीत नाही कुठे गेली ते. माणूस पाठवलाय शोधायला."

 चंबू सासऱ्यांना आता लालभडक दिसत होता. ते त्यांच्या बोटांवरून कळत होतं. इतकी वर्षं याच क्षणी पुढे जायची सवय लागलेली ती बोटं आपोआप पुढे झाली आणि मग त्यांनी ती मागे घेतली.

"रंग?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही, बाबा."

ते थांबले.